जपानी फुटबॉलचा उदय कसा अभ्यासावा: एक वही, काही जुने सामने आणि थोडा धीर

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमधील खलिफा मैदानावर जपानने जर्मनीला २-१ असे हरवले आणि आठच दिवसांनी त्याच मैदानावर स्पेनलाही २-१ असेच नमवले, तेव्हा आपल्याकडील बऱ्याच प्रेक्षकांना हा संघ पहिल्यांदा नीट दिसला. ज्यांना या संघाची वाटचाल खरोखर समजून घ्यायची आहे, त्यांनी मात्र त्या दोन विजयांपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विजय पाहून संघाविषयी कौतुक वाटते, पण तो तिथवर कसा पोहोचला हे कळत नाही. त्यासाठी जपानचा एकेक मोठा पराभव घ्यावा, तो सामना शक्य तेवढा पाहावा आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिथे नेमके काय बदलले ते शोधावे. पुढे दिलेली पद्धत याच क्रमाने जाते. तिला साहित्य फारसे लागत नाही: एक वही, आंतरजालावर मिळणारे जुन्या सामन्यांचे चित्रण आणि शिट्टीपासून शिट्टीपर्यंत एका जागी बसण्याची तयारी.

आणखी एक पथ्य सुरुवातीलाच सांगतो. वहीच्या पहिल्या पानावर ‘शिस्त’ हा शब्द लिहून त्यावर काट मारावी. जपानी माणूस शिस्तप्रिय असतो म्हणून त्यांचे फुटबॉल वर आले, हे स्पष्टीकरण ऐकायला बरे वाटते. पण जपानी माणूस १९८५ मध्येही तेवढाच शिस्तप्रिय होता आणि त्या वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दक्षिण कोरियाने त्यांना टोकियोतही हरवले आणि सोलमध्येही. मग पुढच्या काळात बदलले ते काय, याचा शोध घेताना ‘शिस्त’ हे उत्तर उपयोगाचे नाही.

दोहापासून सुरुवात करावी

१९९४ च्या विश्वचषकासाठीची आशियाई पात्रतेची अखेरची फेरी ऑक्टोबर १९९३ मध्ये दोहा येथे खेळवली गेली. संघ सहा होते आणि जागा दोन. २८ ऑक्टोबरला जपानचा शेवटचा सामना इराकशी होता. तो जिंकला असता तर जपान प्रथमच विश्वचषकाला गेला असता. काझुयोशी मिउराने पाचव्याच मिनिटाला गोल केला, उत्तरार्धात इराकने बरोबरी साधली आणि मग मासाशी नाकायामाने जपानला पुन्हा आघाडी मिळवून दिली. नियमित वेळ संपता संपता इराकला कॉर्नर मिळाला. जपानचे बचावपटू गोलसमोर उंच चेंडूची वाट पाहत उभे असताना इराकने तो कॉर्नर आखूड घेतला, बाजूने चेंडू आत आला आणि ओमरान जाफरच्या हेडरने सामना २-२ असा सुटला. सौदी अरेबिया आणि दक्षिण कोरिया पात्र ठरले, जपान तिसरा राहिला. जपानी भाषेत या सामन्याला आजही ‘दोहाची शोकांतिका’ असेच म्हणतात.

या सामन्याची शेवटची दहा मिनिटे दोनदा पाहावीत. पहिल्यांदा निकालासाठी, आणि दुसऱ्यांदा जपानच्या पायांत चेंडू असताना संघ काय करतो ते पाहण्यासाठी. आघाडी हातात असताना चेंडू आपल्याकडे राखून वेळ काढावा, हे शहाणपण त्या संघाकडे नव्हते. तो पुढेच जात राहिला आणि चेंडू गमावत राहिला. मधल्या फळीत त्या दिवशी हाजिमे मोरियासू नावाचा २५ वर्षांचा खेळाडू होता. हे नाव वहीत ठळक लिहून ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा पुन्हा लागणार आहे.

त्यानंतर थेट १६ नोव्हेंबर १९९७ कडे जावे. मलेशियातील जोहोर बाहरू येथे इराणविरुद्ध नव्वद मिनिटांअखेर २-२ अशी बरोबरी होती आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे जादा वेळेत जो पहिला गोल करील तो जिंकणार होता. बदली म्हणून आलेल्या मासायुकी ओकानोने जादा वेळेत हाती आलेल्या सोप्या संधी वाया घालवल्या आणि अखेर ११८ व्या मिनिटाला, गोलरक्षकाच्या हातून सुटलेला चेंडू घसरत जाऊन आत ढकलला. जपान पहिल्यांदा विश्वचषकाला गेला आणि फ्रान्समध्ये तिन्ही सामने हरला. अर्जेंटिना आणि क्रोएशियाकडून ०-१, जमैकाकडून १-२. एकमेव गोल पुन्हा नाकायामाचा.

दोहापूर्वीचा इतिहास थोडक्यात पाहिला तरी चालतो, पण अगदी वगळू नये. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जपानने ०-२ अशा पिछाडीवरून स्वीडनला ३-२ असे हरवले होते. १९६० मध्ये जर्मनीहून आलेले प्रशिक्षक डेटमार क्रॅमर यांनी चेंडू अडवणे, थांबवणे आणि पुढे देणे या पायाभूत गोष्टींपासून संघ घडवायला घेतला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या संघाने अर्जेंटिनाला हरवले आणि १९६८ मध्ये मेक्सिकोत यजमानांनाच २-० असे नमवून कांस्यपदक मिळवले. कुनिशिगे कामामोतो सात गोलांसह त्या स्पर्धेत अव्वल ठरला. हे सगळे एका पिढीचे यश होते. तिच्यामागे दुसरी पिढी उभी करणारी यंत्रणा नव्हती, आणि म्हणून त्यानंतर १९९६ पर्यंत जपानला ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये पुन्हा जागा मिळाली नाही. आपल्याला मोजपट्टी हवी असेल तर ती घरचीच आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकताना भारताने याच जपानला २-० असे हरवले होते, आणि जून २००४ मध्ये सायतामा येथे विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात जपानने भारतावर सात गोल केले.

मग लीगची रचना वाचावी

१९६५ मध्ये, क्रॅमर यांच्याच आग्रहातून, जपानमध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली होती. पण तिच्यातले आठही संघ कंपन्यांचे होते. खेळाडू सकाळी कचेरीत काम करीत आणि दुपारनंतर सराव. मैदानात प्रेक्षक म्हणजे बहुतांशी त्याच कंपनीचे कर्मचारी. आपल्याकडे बँका, रेल्वे आणि गिरण्यांच्या संघांचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

१५ मे १९९३ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर ५९,६२६ प्रेक्षकांसमोर वर्दी कावासाकी आणि योकोहामा मारिनोस यांच्यात जे-लीग या नव्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला, तेव्हा दहा क्लब होते. साबुरो कावाबुची हे तिचे पहिले अध्यक्ष. क्लबच्या नावात कंपनीचे नाव असणार नाही, गावाचे असेल. क्लब ही स्वतंत्र कंपनी असेल. पंधरा हजार आसनांचे, प्रकाशझोताची सोय असलेले मैदान असेल. आणि मुलांचे वयोगटांनुसार संघ चालवणे बंधनकारक असेल, अशा अटी घालूनच प्रवेश दिला गेला. झिको, गॅरी लिनेकर अशा नावांमुळे सुरुवातीला लीग गाजली हे खरे, पण माझ्या मते खरी दूरदृष्टी शेवटच्या अटीत होती. पहिल्या संघासाठी पैसे टाकायला मालक नेहमीच तयार असतात. बारा वर्षांच्या मुलांसाठी मैदान आणि प्रशिक्षक ठेवायला नियमच लागतो.

हे समजण्यासाठी एक क्लब निवडून त्याची जन्मकथा वाचणे सर्वांत उपयोगी पडते. माझी शिफारस काशिमा अँटलर्सची आहे. सुमितोमो या पोलाद कंपनीचा हा संघ जुन्या लीगमध्ये दुसऱ्या श्रेणीत होता, गाव समुद्रकाठचे आणि लहान. तुमचा प्रवेश जवळपास अशक्य आहे, प्रेक्षकांवर छत असलेले मैदान बांधलेत तरच काही विचार होईल, असे कावाबुची यांनी सांगितले, ते नकार सभ्य शब्दांत कळवण्यासाठीच. काशिमाने ते मैदान खरोखर बांधले, झिकोला आणले आणि पुढे हाच क्लब जे-लीगमधील सर्वांत यशस्वी क्लब ठरला. २०१६ च्या क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत झुंजवले.

दुसरे उदाहरण नावाचे. हिरोशिमाच्या क्लबचे नाव सानफ्रेच्चे. जपानी ‘सान’ म्हणजे तीन आणि इटालियन ‘फ्रेच्चे’ म्हणजे बाण. मोरी मोतोनारी या सरदाराने आपल्या तीन मुलांना एकेक बाण मोडायला दिला आणि मग तीन बाण एकत्र बांधून दिले, अशी तिकडची कथा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातील काठ्यांच्या मोळीची सख्खी बहीणच. मूळचा माझदा कंपनीचा हा संघ. मोरियासू याच क्लबकडून खेळला आणि प्रशिक्षक म्हणून त्याने तिथे २०१२, २०१३ आणि २०१५ मध्ये लीग जिंकून दिली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गर्दी ओसरली, पुरस्कर्ते मागे हटले आणि १९९८ च्या अखेरीस योकोहामा फ्लूगेल्स हा क्लब शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन होणार असल्याचे जाहीर झाले. विसर्जित होणाऱ्या त्या संघाने उरलेले सामने जिंकत जाऊन १ जानेवारी १९९९ रोजी सम्राट चषक जिंकला, आणि तोच त्याचा शेवटचा सामना ठरला. त्याच्या पाठीराख्यांनी विलीनीकरण न स्वीकारता वर्गणी गोळा करून योकोहामा एफसी हा नवा क्लब काढला. आज तीन श्रेणींत मिळून साठ क्लब आहेत. दहाचे साठ कसे झाले हे समजायचे तर या क्लबची कथा काशिमाच्या कथेइतकीच महत्त्वाची आहे.

प्रत्येक खेळाडूचे अठरावे वर्ष शोधावे

आता वहीत खरे काम सुरू होते. जपानच्या कोणत्याही अलीकडच्या विश्वचषक संघाची यादी घ्यावी आणि प्रत्येक नावासमोर एकच गोष्ट लिहावी: हा मुलगा अठरा वर्षांचा असताना कुठे खेळत होता? उत्तरे तीन प्रकारची येतील. कोणी क्लबच्या युवा संघात होता, कोणी शाळेच्या संघात, आणि कोणी त्या वर्षी विद्यापीठात दाखल झाला होता. युरोपातील बड्या देशांत पहिला रस्ता बंद झाला की बहुतेक मुलांचे फुटबॉल तिथेच संपते. जपानमध्ये तो बंद झाल्यावर आणखी दोन रस्ते उघडे राहतात, आणि माझ्या मते या संघाच्या उदयाचे हे सर्वांत कमी चर्चिले गेलेले कारण आहे.

शुन्सुके नाकामुरा लहानपणी मारिनोसच्या कनिष्ठ संघात होता. अंगाने लहान म्हणून त्याला वरच्या युवा संघात घेतले नाही. तो शाळेकडून खेळला, शालेय स्पर्धेत गाजला आणि १९९७ मध्ये त्याच मारिनोसने त्याला व्यावसायिक म्हणून करारबद्ध केले. पुढे सेल्टिककडून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने मारलेली फ्री किक अनेकांना आठवत असेल. केइसुके होंडाला गांबा ओसाकाने असाच नकार दिला. तो इशिकावा प्रांतातील सेइर्यो शाळेत गेला. या शालेय फुटबॉलचे महत्त्व आपल्याला सहज जाणवत नाही. नववर्षाच्या सुट्टीत होणाऱ्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत ४८ शाळा उतरतात, प्रत्येक प्रांतातून एक आणि टोकियोतून दोन. तिचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जातात आणि अंतिम सामन्याला मोठे मैदान भरते. म्हणजे क्लबने नाकारलेला मुलगा नजरेआड जात नाही.

विद्यापीठाचा रस्ता त्याहून चमत्कारिक वाटतो. युतो नागातोमो मेइजी विद्यापीठात असताना दुखापतीमुळे संघाबाहेर होता आणि प्रेक्षकांत बसून ढोल वाजवीत असे. पुढे तो इंटर मिलानकडून खेळला आणि चार विश्वचषकांत उतरला. जुन्या इतो कानागावा विद्यापीठातून आला. अयासे उएदाला काशिमाच्या युवा संघात बढती मिळाली नाही, तो होसेइ विद्यापीठातून पुढे आला. आणि काओरू मितोमाने तर कावासाकी फ्रोंताले या क्लबने देऊ केलेला व्यावसायिक करार बाजूला ठेवून त्सुकुबा विद्यापीठात प्रवेश घेतला, कारण आपले शरीर अजून त्या पातळीला तयार नाही असे त्याला वाटत होते. तिथे त्याने आपल्या प्रबंधासाठी विषय निवडला चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याला चकवण्याचा. सहकाऱ्यांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बांधून त्याने चांगला खेळाडू चेंडू येण्यापूर्वी कुठे पाहतो आणि साधारण खेळाडू कुठे, याची तुलना केली. ब्रायटनकडून डाव्या बगलेवर खेळणारा मितोमा चेंडू पायाशी येण्याआधी काय पाहतो, हे आता मुद्दाम बघावे. प्रबंध मैदानावर उतरलेला दिसेल.

या तीन रस्त्यांवर नजर ठेवणारी एक चौथी यंत्रणाही आहे. जिल्हा, प्रांत, नऊ विभाग आणि राष्ट्र अशा चढत्या पायऱ्यांवर मुलांना निवडून एकत्र सराव देण्याची पद्धत जपानी संघटनेने बसवली आहे, त्यामुळे मुलगा क्लबचा असो की शाळेचा, तो एकाच चाळणीतून जातो. प्रशिक्षकांचेही तसेच: संघटनेचा सर्वोच्च परवाना हाती असल्याशिवाय जे-लीगचा मुख्य संघ हाताळता येत नाही, मग तुम्ही खेळाडू म्हणून कितीही मोठे असा.

यादीत युरोप मोजावा

हे काम अर्ध्या तासाचे आहे. विश्वचषकाच्या याद्या समोर ठेवून युरोपातील क्लबांकडून खेळणारे किती ते मोजावे. १९९८ मध्ये २२ पैकी शून्य. २००२ मध्ये २३ पैकी चार. २०१० मध्येही चारच. म्हणजे आठ वर्षांनंतरही आकडा तिथेच होता. २०२२ मध्ये २६ पैकी १९. मधल्या बारा वर्षांत काय घडले, याची खूण एका नावात सापडते. २०१० मध्ये शिंजी कागावा सेरेझो ओसाकाकडून अगदी किरकोळ मोबदल्यात बोरुसिया डॉर्टमुंडकडे गेला आणि २०११ व २०१२ अशी सलग दोन वर्षे जर्मन विजेतेपद घेणाऱ्या संघात चमकला. त्याआधी यासुहिको ओकुदेरा १९७७ मध्येच कोलोनकडे गेला होता आणि हिदेतोशी नाकाताने १९९८ मध्ये पेरुजाकडून पहिल्याच लीग सामन्यात युवेंतुसवर दोन गोल केले होते, पण ते एकेकटे अपवाद होते. कागावानंतर जर्मन क्लबांना स्वस्त आणि तयार खेळाडूंची बाजारपेठच सापडली. बेल्जियममधील सिंट-ट्राउडेन हा क्लब तर २०१७ मध्ये एका जपानी कंपनीने विकत घेतला. वातारू एंदो, ताकेहिरो तोमियासू आणि दाइची कामादा तिथूनच पुढे गेले. मोठ्या क्लबच्या राखीव बाकावर बसण्यापेक्षा छोट्या क्लबकडून दर आठवड्याला खेळावे, हा त्यांचा हिशेब आहे.

आता जर्मनीचा सामना काढावा

इथवर आल्यावर २३ नोव्हेंबर २०२२ चा सामना पूर्ण पाहावा, सारांश नव्हे. पूर्वार्धात जपान अक्षरशः चेंडूच्या मागे धावत होता. गोलरक्षक शुइची गोंडाने दाविद राउमला पाडले आणि ३३ व्या मिनिटाला पेनल्टीवर गुंडोगानने गोल केला. मध्यंतराला ०-१ ही गोलसंख्या जपानला स्वस्तातच पडली होती.

उत्तरार्धात चेंडूकडे पाहायचे नाही, हा नियम कसोशीने पाळावा. केवळ जपानची बचावाची रेघ मोजावी. कुबोच्या जागी तोमियासू आला आहे. मागे चार होते तिथे आता तीन मध्यवर्ती बचावपटू आणि दोन बाजूंना दोन धावपटू आहेत. ५७ व्या मिनिटाला डावीकडच्या नागातोमोच्या, म्हणजे एका बचावपटूच्या, जागी मितोमा हा आक्रमक आला आणि पुढे असानो. सत्तरीच्या सुमारास गोंडाने एकामागून एक चेंडू अडवले, ती मिनिटे जपानला तारून गेली. त्यानंतर दोआन आला. उजवीकडचा बचावपटू साकाई बाहेर जाऊन मिनामिनो आला आणि जुन्या इतो उजव्या कडेला सरकला. आता दोन्ही कडांच्या बचावपटूंच्या जागी दोन आक्रमक उभे होते. पंच्याहत्तराव्या मिनिटाला मितोमाने आत चेंडू दिला, मिनामिनोचा फटका जर्मन गोलरक्षक नॉयरने परतवला आणि तो दोआनच्या पायाशी आला. त्र्याऐंशीव्या मिनिटाला को इताकुराने आपल्याच अर्ध्या भागातून लांब फ्री किक मारली. असानोने धावता धावता पहिल्याच स्पर्शात चेंडू पायाखाली घेतला, श्लॉटरबेकला अंगावर ठेवत अगदी अरुंद कोनातून नॉयरच्या डोक्यावरून जाळ्यात मारला. हा पहिला स्पर्श चार-पाच वेळा थांबवून पाहण्यासारखा आहे.

गोल करणारे दोघेही त्या वेळी जर्मनीतच नोकरीला होते, दोआन फ्रायबुर्गमध्ये आणि असानो बोखुममध्ये. जपानच्या २६ पैकी आठ खेळाडू जर्मन क्लबांचे होते. जर्मन बचावपटूंना ते दर शनिवारी भेटत होते. धक्का बसायचा तर तो जर्मनीला बसला.

स्पेनचा सामना पाहताना वेगळा प्रश्न घ्यावा. जपानकडे चेंडू संपूर्ण सामन्यात १८ टक्क्यांहूनही कमी वेळ होता, तरी तो जिंकला. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला दोआनने बरोबरी साधली आणि तीनच मिनिटांनी गोलरेषेबाहेर जाऊ पाहणारा चेंडू मितोमाने मागे वळवला, तो आओ तानाकाने आत ढकलला. चेंडूचा १.८८ मिलिमीटर भाग रेषेवर होता, म्हणून गोल मान्य झाला. मितोमा आणि तानाका कावासाकी शहरातील एकाच प्राथमिक शाळेचे विद्यार्थी, हे वहीच्या समासात लिहून ठेवायला हरकत नाही.

या दोन सामन्यांच्या मधोमध कोस्टारिकाविरुद्धचा ०-१ असा पराभव आहे आणि तो बहुतेक जण गाळतात. गाळू नये. स्पेनकडून सात गोल खाल्लेला तो संघ मागे गर्दी करून उभा राहिला, तेव्हा चेंडू जपानकडेच होता आणि त्याचे काय करावे हे जपानला सुचले नाही. प्रतिस्पर्धी पुढे आला तर त्याच्या पाठीमागची जागा जपान वापरतो. तो पुढे येत नसेल तर काय, हा प्रश्न २०२४ च्या आशियाई चषकातही सुटला नाही. तिथे इराक आणि इराण या दोघांनी उंच, सरळ चेंडू टाकून आणि अंगाला अंग भिडवून जपानला २-१ असे हरवले.

रोस्तोव आणि त्याआधीची दहा मिनिटे

२ जुलै २०१८ रोजी रशियातील रोस्तोव येथे बेल्जियमविरुद्ध जपान ५२ व्या मिनिटाला २-० असा पुढे होता. वेर्टोंगेन आणि फेलाइनी यांच्या हेडरने २-२ झाले. भरपाईच्या वेळेत जपानला कॉर्नर मिळाला. होंडाने तो उंच टाकला, कोर्तुआने हवेतच झेलला आणि डी ब्रॉयनेकडे घरंगळवला. पुढच्या काही सेकंदांत लुकाकूने पायांमधून सोडलेला चेंडू शादलीने जाळ्यात घातला. कोर्तुआ चेंडू झेलतो त्या क्षणी चित्र थांबवावे आणि बेल्जियमच्या गोलपुढे जपानचे किती खेळाडू आहेत ते मोजावे. दोहानंतर पंचवीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा होता: शेवटच्या मिनिटात पुढे जायचे की थांबायचे?

गंमत अशी की चारच दिवस आधी, पोलंडविरुद्ध ०-१ असे मागे असताना, हाच संघ शेवटची सुमारे दहा मिनिटे चेंडू आपापसांत फिरवत उभा राहिला होता. दुसऱ्या मैदानावर सेनेगल हरत होता, आणि सगळे समान असताना कमी पिवळी कार्डे असल्याने जपान पुढे जाणार होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मला स्वतःला त्या दहा मिनिटांत दोह्याच्या संघाला न जमलेले काहीतरी शिकलेला संघ दिसतो, देखणा नसला तरी. रोस्तोवला साहाय्यक प्रशिक्षक म्हणून बाकावर मोरियासू होता. त्याच महिन्यात तो मुख्य प्रशिक्षक झाला, आणि स्पेनविरुद्धच्या अखेरच्या मिनिटांत आपल्याला १९९३ चा तो सामना आठवला, असे त्याने नंतर सांगितले.

महिला संघाचे पान वेगळे ठेवावे

पुरुषांच्या कथेचे उपांग म्हणून महिला संघाकडे पाहू नये. विश्वचषक त्यांनीच जिंकला आहे. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर चारच महिन्यांनी, १७ जुलैला फ्रँकफुर्टमध्ये त्यांनी अमेरिकेला अंतिम सामन्यात दोनदा पिछाडीवरून गाठले. ११७ व्या मिनिटाला आया मियामाच्या कॉर्नरवर होमारे सावाने पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू वळवून २-२ केले आणि पेनल्टी शूटआउटमध्ये जपान ३-१ असा जिंकला. पाच गोलांसह सावा सर्वाधिक गोल करणारी आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूही ठरली. त्याच संकटाची एक आठवण पुरुष संघाच्या वहीतही हवी: फुकुशिमातील जे-व्हिलेज हे १९९७ मध्ये उभारलेले राष्ट्रीय सराव केंद्र अणुदुर्घटनेनंतर कित्येक वर्षे मदतकार्याचा तळ म्हणून वापरले गेले. महिलांची व्यावसायिक लीग मात्र २०२१ मध्ये, म्हणजे विश्वविजयानंतर दहा वर्षांनी सुरू झाली. हा उशीर समजण्यासारखा नाही.

चालू सामने पाहताना

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे तिकडचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होतो. जे-लीग इतकी वर्षे फेब्रुवारी-मार्चपासून डिसेंबरपर्यंत चालत असे. २०२६-२७ पासून ती युरोपप्रमाणे ऑगस्टमध्ये सुरू करण्याचा निर्णय झाला आहे, तेव्हा जुनी वेळापत्रके वापरू नयेत. जपानी पद्धतीत आडनाव आधी येते, म्हणून ‘मितोमा काओरू’ आणि ‘काओरू मितोमा’ एकच. एंदो, इतो आणि नाकामुरा ही आडनावे वेगवेगळ्या पिढ्यांत पुन्हा पुन्हा येतात. पहिले नाव लिहिल्याशिवाय नोंद करू नये, नाहीतर यासुहितो एंदोचे गोल वातारू एंदोच्या नावावर चढतात.

सरावासाठी १४ ऑक्टोबर २०२५ चा टोकियोतील मैत्रीपूर्ण सामना घ्यावा. मध्यंतराला ब्राझील २-० असा पुढे होता. उत्तरार्धात जपानने प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंवर त्यांच्याच गोलपाशी दबाव टाकला. मिनामिनो, केइतो नाकामुरा आणि उएदा यांनी वीस मिनिटांत तीन गोल केले आणि वरिष्ठ संघांत जपानने ब्राझीलला पहिल्यांदाच हरवले. रोस्तोवमध्ये २-० ची आघाडी गमावलेला जपान आणि इथे २-० ची आघाडी मोडून काढणारा जपान यांची पाने समोरासमोर ठेवून नोंदी ताडून पाहाव्यात.

शेवटी वहीत एक रकाना आखून ठेवावा: विश्वचषकातील बाद फेरीचे सामने. २००२ मध्ये तुर्कस्तानकडून ०-१. २०१० मध्ये पॅराग्वेविरुद्ध पेनल्टी शूटआउट, कोमानोचा फटका आडव्या दांड्याला लागला. २०१८ मध्ये रोस्तोव. २०२२ मध्ये क्रोएशियाविरुद्ध पुन्हा पेनल्टी शूटआउट, जिथे कोण मारणार हे मोरियासूने खेळाडूंवरच सोपवले आणि मिनामिनो, मितोमा व कर्णधार योशिदा यांचे फटके लिवाकोविचने अडवले. चार सामने, एकही विजय नाही. २०५० पर्यंत विश्वचषक जिंकण्याचे उद्दिष्ट जपानी संघटनेने २००५ मध्येच लेखी जाहीर केलेले आहे. पाचव्या ओळीपासूनची जागा कोरी सोडावी आणि पुढच्या वेळी पेनल्टी मारायला कोण, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या सांगण्यावरून पुढे आले, हे तिथे सर्वांत आधी नोंदवावे.